बाहा हा-हा रॅली: दोघांच्या बोटीसाठी कितपत कामाची?

आधी निकाल सांगून टाकू. स्वतःची शिडाची बोट आहे, दोघांनीही रात्रीची बोट हाकली आहे आणि मेक्सिकोला पहिल्यांदाच जायचंय, अशा जोडप्याने बाहा हा-हा या बोटींच्या सामुदायिक सफरीला नाव जरूर द्यावं. आजूबाजूला शंभर बोटी असल्या की आपली काळजी कोणीतरी घेईल असं ज्यांना वाटतं, त्यांनी देऊ नये. फी भरून मिळते ती एक पक्की तारीख, हवामानाचा अंदाज, कागदपत्रांची वाट आणि मुक्कामावरची सोबत. समुद्रावरच्या रात्री ज्याच्या त्याच्या. आमच्या लेखी पाचपैकी साडेतीन तारे, आणि कापलेला दीड तारा जवळजवळ सगळा पहिल्या टप्प्याच्या खाती.

रॅली कॅलिफोर्नियातल्या सान डिएगोहून निघते आणि मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्याने थेट टोकावरच्या काबो सान लुकासला पोचते. अंतर साधारण ७५० सागरी मैल, मुदत दोनेक आठवडे, मध्ये मुक्काम दोनच: बाहिया तोर्तुगास, ज्याला सगळे टर्टल बे म्हणतात, आणि बाहिया सांता मारिया. लॅटिट्यूड ३८ या सान फ्रान्सिस्कोकडच्या नौकानयन मासिकाने १९९४ साली ती सुरू केली. ही शर्यत नव्हे. वारा पडला की इंजिन चालवायला कोणाची हरकत नसते. बोट किमान २७ फुटी आणि खुल्या समुद्राला लायक हवी, आणि रात्रीच्या सागरी प्रवासाचा अनुभव असलेली किमान दोन माणसं तिच्यावर हवीत. म्हणजे जोडपं एकटंच निघणार असेल तर अनुभव दोघांनाही हवा. नवरा बोट हाकतो आणि बायको चहा करते, या हिशोबाला इथे दारातच अडवतात, आणि ते बरंच आहे. फी बोटीमागे असते, माणसामागे नाही. विमा, सुटे भाग, मरिनाचं, म्हणजे बोट उभी करायच्या जागेचं, भाडं आणि डिझेल यांच्यापुढे ती किरकोळच.

हे लिहिताना दोन प्रकारचे वाचक समोर आहेत. एक म्हणजे संभाजीनगर, लातूर, नांदेडकडून कॅलिफोर्नियात गेलेलं आणि पस्तीसेक फुटी जुनी बोट घेतलेलं, निदान घेऊ पाहणारं जोडपं. दुसरे इकडेच राहणारे, मुलांकडे सहा महिने जाणारे आणि दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जायची हौस असणारे. दुसऱ्यांसाठीचा मजकूर पुढे आहे, पण पहिला टप्पा दोघांनाही सारखाच.

निघायची वेळ ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीची. पूर्व प्रशांत महासागरातला चक्रीवादळांचा हंगाम १५ मे ते ३० नोव्हेंबर धरतात, आणि बऱ्याच विमा कंपन्या १ नोव्हेंबरच्या आत ठरावीक अक्षांशाच्या खाली बोट नेऊ देत नाहीत. २०१४ च्या सप्टेंबरात ओडील वादळ थेट काबोच्या अंगावर आलं होतं, तेव्हा ही अट नुसती कागदी समजू नका. पॉलिसीतला अक्षांश आणि तारीख दोन्ही वाचा आणि रॅलीच्या त्या वर्षीच्या वेळापत्रकाशी ताडून पाहा. इकडच्यांसाठी आणखी एक अडचण: दिवाळी याच दिवसांत किंवा मागेपुढे येते. २०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. घरच्यांशी आधी बोलून घेतलेलं बरं.

आता तो पहिला टप्पा. सान डिएगो ते टर्टल बे साडेतीनशे मैलांच्या आसपास. दुसरा अडीचशेच्या आत, तिसरा पावणेदोनशेच्या घरात. म्हणजे सगळ्यात लांब पल्ला अगदी पहिल्याच दिवशी गळ्यात पडतो. शरीराला डोलण्याची सवय नाही, झोपेची घडी बसलेली नाही, तयारीच्या धावपळीत दोघंही चार रात्री नीट झोपलेले नाहीत, आणि समोर तीन रात्री. पाच-सहा माणसांच्या बोटीला हे खपून जातं. दोघांच्या बोटीला दुसऱ्या रात्री तीन वाजता याची किंमत मोजावी लागते. किनाऱ्याचा आकारच तसा आहे, मधे चांगली बंदरं फारशी नाहीत, हे मान्य. पण एन्सेनादा सान डिएगोपासून साठ-पासष्ट मैलांवर आहे. तिथे थांबून मेक्सिकोतल्या प्रवेशाचे कागद उरकायचे, एक पूर्ण रात्र झोपायचं आणि मग पुढचं पाहायचं. ज्यांची जोडी नवी आहे त्यांनी रॅलीच्या आधी दोनतीन दिवस निघून हे करावं असं आमचं स्पष्ट मत आहे. निरोपाची पार्टी आणि तिथली सोंगं बुडतात, एवढंच.

तीन रात्री सलग काढायच्याच असतील तर पाळ्या कागदावर लिहून चिकटवा. दोघांत तीन तासांची पाळी सगळ्यात टिकाऊ ठरते. चार तासांच्या पाळीत झोप जास्त मिळते, पण पहाटेचे शेवटचे चाळीस मिनिटं डोळे उघडे राहत नाहीत. पाळ्या सूर्यास्तालाच सुरू करायच्या, अंधार पडायची वाट पाहायची नाही. पहिल्या रात्री हमखास चूक होते ती हीच: आजूबाजूला सगळ्या बोटींचे दिवे, रेडिओवर गप्पा, आणि दोघंही बारापर्यंत कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूपाशीच्या बैठकीत. ज्याची पाळी नाही त्याने झोप येवो न येवो, आडवं व्हायचंच. झोपायची जागा बोटीच्या मध्यभागी, खालच्या बाजूला, कडेला कापडाचा आडोसा बांधून. पुढच्या टोकाच्या डबल बेडवर लाटांनी उसळायला होतं, तिथे समुद्रात कोणी झोपत नाही. दिवसाही दोघांनी आलटून पालटून दोन-दोन तास काढायचे. भारतीय नौदलाच्या दिलना आणि रूपा या दोन अधिकाऱ्यांनी २०२४-२५ मध्ये ‘तारिणी’ या गोव्यात बांधलेल्या ५६ फुटी बोटीवरून दोघींनीच पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यांच्यापुढे हे साडेतीनशे मैल काहीच नाहीत, पण त्या आठवडेच्या आठवडे लयीत होत्या. तुम्ही त्या लयीत शिरायच्या आतच टर्टल बे येतो.

पाळीवर असताना किती वेळाने चौफेर बघायचं, याचा हिशोब सोपा आहे. पन्नास मीटरहून मोठ्या जहाजाचा डोलकाठीवरचा दिवा नियमाप्रमाणे सहा मैलांवरून दिसला पाहिजे. जहाज वीस नॉटने, म्हणजे तासाला वीस सागरी मैलांनी, समोरून येतंय, तुम्ही सहाने चाललात, तर सहा मैल संपायला चौदा मिनिटं लागतात. त्यातली काही मिनिटं ते नेमकं कुठे जातंय हे कळण्यात जातात. म्हणून गजर दहा मिनिटांचा, वीसचा नाही. एआयएस, म्हणजे जहाजांच्या जागा रेडिओवरून एकमेकांना कळवणारा संच, बसवलेला असावा आणि तो नुसता ऐकणारा नको, आपली जागा सांगणारा हवा. मात्र मेक्सिकोच्या मच्छीमारांच्या छोट्या उघड्या बोटी, ज्यांना तिकडे पांगा म्हणतात, एआयएसवर दिसतीलच असं नाही. लॉबस्टरच्या सापळ्यांचे तरंगणारे गोळे तर रडारवरही दिसत नाहीत. ते दोर पंख्यात अडकतात. रात्री इंजिनवर असाल तर किनाऱ्यापासून जास्त पाण्यात राहा. शंभर मीटरच्या आतल्या पाण्यात सापळे दाट.

रात्रीचं इंजिन हा प्रश्न येणारच, कारण वारा दिवसभर सारखा नसतो. इथला नेहमीचा वारा वायव्येकडून, म्हणजे पाठीवर. दुपारी १० ते २० नॉट, रात्री उतरतो. किनाऱ्याजवळ असाल तर शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे यांचा खेळ बघायला मिळतो. पहाटेचा मतलई इतका मंद की शिडं नुसती फडफडतात. तीस अश्वशक्तीचं डिझेल इंजिन साडेपाच नॉटला तासाला दोन ते अडीच लिटर खातं. पहिला टप्पा पूर्ण इंजिनवर काढावा लागला तर चौसष्ट तास, म्हणजे दीडशे लिटरच्या आसपास. पस्तीस फुटी जुन्या बोटींची टाकी बऱ्याचदा शंभर लिटरची असते. म्हणून वीस लिटरचे चार कॅन डेकवर, आणि तेही पट्ट्याने नीट आवळून. टर्टल बेला डिझेल मिळतं, पण तिथला हिशोब निराळा. पांगावाले टाकी घेऊन बोटीपाशी येतात किंवा धक्क्यावरून नळी लावतात. भरताना गाळणी लावलेलं फनेल वापराच.

इंजिन बंद पडण्याचं या किनाऱ्यावरचं सगळ्यात मोठं कारण हेच डिझेल, आणि बहुतेक वेळा ते तुमचंच जुनं डिझेल असतं. बोट वर्षभर मरिनात उभी असते तेव्हा टाकीच्या तळाला पाणी आणि चिकट काळा गाळ बसतो. समुद्रात पहिल्या दिवशी टाकी घुसळली जाते, गाळ वर येतो आणि फिल्टर तुंबतो. इंजिन आधी दम घेतल्यासारखं वरखाली होतं आणि मग बंद. उपाय निघण्याआधीचा: टाकीचं झाकण उघडून तळ पुसून घ्या, किंवा डिझेल बाहेर काढून गाळून परत भरा. बरोबर पहिल्या फिल्टरचे निदान सहा आणि इंजिनवरच्या बारीक फिल्टरचे तीन. फिल्टर बदलल्यावर नळीतली हवा काढणं दोघांनाही आलं पाहिजे, अंधारात, टॉर्च तोंडात धरून. एकट्यालाच येत असेल तर ज्या पाळीला ते होईल ती नेमकी दुसऱ्याची असेल, असंच धरून चला.

पाठीवरचा वारा ऐकायला सुखाचा वाटतो, पण दोघांच्या बोटीचं सगळ्यात मोठं नुकसान त्यातच होतं. मोठं शीड एका बाजूला पूर्ण बाहेर, मागून लाट येते, बोट डोलते, ऑटोपायलट पंधरा अंश भरकटतो आणि वारा शिडाच्या पाठीमागे जातो. क्षणात बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, या बाजूवरून त्या बाजूला येतो. डोकं मधे असेल तर संपलंच. नसेल तर निदान बूमचा सांधा किंवा दोरांची गाडी तुटते. यावर प्रिव्हेंटर बांधायचा. दहा-बारा मिलिमीटरचा दोर बूमच्या अगदी टोकापासून घ्यायचा, बाजूच्या तारांच्या बाहेरून नाळेवरच्या कप्पीतून ओवायचा आणि परत कॉकपिटमध्ये विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या चक्रावर, आणायचा, म्हणजे सोडायला डेकवर जावं लागत नाही. बूमच्या मध्यावर बांधणारे पुष्कळ दिसतात. बूमचं टोक लाटेत बुडालं तर दांडा तिथेच वाकतो. दोर नायलॉनचा घेतला तर झटका जिरतो. आणि थेट वाऱ्याच्या दिशेने बोट पळवायचा हट्ट सोडा. वीस-पंचवीस अंश बाजूला राहून नागमोडी जायचं. अंतर दहा टक्क्यांनी वाढतं, पण डोलणं कमी होतं, झोप लागते आणि वेग वाढल्याने वेळेचा तोटा फारसा राहत नाही. स्पिनाकर, म्हणजे पाठीवरच्या वाऱ्यात फुगणारं मोठं शीड, दोघांनी वापरायला हरकत नाही, फक्त मोज्यासारख्या आवरणात गुंडाळता येणारा हवा आणि सूर्यास्ताच्या आधी खाली आलेला हवा.

वीज. ऑटोपायलट तासाला तीन-चार अँपियर, फ्रिज चालू असताना चार-पाच, दिवे आणि उपकरणं एक-दोन. चोवीस तासांत १२ व्होल्टचे १२० ते १५० अँपियर-तास सहज होतात. साध्या बॅटऱ्यांचे दोनशे अँपियर-तास असतील तर वापरायला त्यातले निम्मेच धरायचे. नोव्हेंबरच्या उन्हात ३०० वॉटचे पॅनेल सत्तर-ऐंशी देतात, तेही शिडाची सावली पडली नाही तर. उरलेलं इंजिनमधून. फ्रिज बंद ठेवला की निम्मा प्रश्न मिटतो, आणि इकडच्या स्वयंपाकाला फ्रिज फारसा लागतही नाही.

स्वयंपाकाचं जरा सविस्तर, कारण यात मराठवाड्याच्या माणसाला खरंच वरचढ ठरता येतं. पहिले छत्तीस तास खाली उभं राहून कोणी काही शिजवू नये. गरम हवा, डिझेलचा वास आणि डोलणं एकत्र आलं की चांगला माणूस पालथा पडतो. त्या वेळेसाठी धपाटे आणि दशम्या सान डिएगोतच करून घ्या. दुधात भिजवलेली दशमी दोन दिवस मऊ राहते, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं. एका हाताने खाता येतं, ताट लागत नाही. त्यानंतर तीन लिटरचा कुकर हे बोटीवरचं सगळ्यात उत्तम भांडं: झाकण बंद असल्याने कलंडला तरी सांडत नाही आणि गॅस कमी जळतो. शेगडी झुलती असावी, आणि कुकर तिला पट्टीने अडकवलेला. खिचडी, पिठलं, येसर आमटी, एवढ्यावर दोन आठवडे निघतात. सामान मात्र तिकडेच घ्या. सान डिएगोच्या मीरामार भागातल्या भारतीय दुकानांत ज्वारीच्या पिठासकट सगळं मिळतं. इकडून बॅगेत भरून नेऊ नये असं मुद्दाम सांगतो, कारण खपरा भुंगेऱ्याच्या भीतीने अमेरिका भारतातून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात तांदूळ, हरभरा, सोयाबीन आणि करडईचं बी येऊ देत नाही. म्हणजे आपल्या शिवारातलं बरंच काही. येसर, मेतकूट, चटणी नेली तर कस्टमला आपणहून सांगून दाखवा. लपवलं तर दंड.

मेक्सिकोच्या गावांत तांदूळ, राजमा, मिरची, कोथिंबीर, लिंबू आणि मक्याच्या पोळ्या मिळतात, जिभेची आबाळ होत नाही. माळकऱ्यांनी आणि शाकाहारी मंडळींनी एक ध्यानात ठेवावं: तिकडचा शिजवलेला राजमा बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परततात. ‘सिन मान्तेका’ म्हणून विचारायचं, म्हणजे चरबीविना.

पाण्याबद्दल लातूरकरांना काय शिकवायचं. २०१६ साली ज्यांनी मिरजेहून आलेल्या रेल्वेच्या पाण्यावर घर चालवलं, त्यांना माणशी रोज दहा लिटर ही चैन वाटेल. प्यायला आणि शिजवायला गोडं पाणी, भांडी समुद्राच्या पाण्यात घासून शेवटी गोड्याने विसळायची. फक्त टाकी एकच असेल तर सगळं पाणी तिच्यात ठेवू नका. एक सांधा गळला तर पंपच सगळं पाणी बोटीबाहेर फेकतो. पन्नासेक लिटर कॅनमध्ये वेगळं हवं.

उलट्यांवर सिनारिझिन, म्हणजे स्टुजेरॉन, बऱ्याच खलाशांना मानवतं. ते अमेरिकेत विकत मिळत नाही, आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं. सुरुवात निघायच्या आदल्या संध्याकाळी. मळमळ सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकतच नाही. इकडे असतानाच एकदा घेऊन झोप किती येते ते बघा. रक्तदाबाच्या किंवा इतर गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आता रॅली जे देते त्याकडे वळू. सकाळची हजेरी ही तिची सगळ्यात चांगली सेवा. ठरलेल्या वेळी रेडिओवर प्रत्येक बोटीची जागा विचारली जाते, अंदाज वाचून दाखवतात, कोणाचा काय मोडलंय ते कळतं आणि सुटा भाग कोणाकडे आहे तेही. मात्र साध्या व्हीएचएफ रेडिओची शिडाच्या दोन बोटींमधली पोच पंधरा-वीस मैल, आणि दुसऱ्या रात्रीपर्यंत ताफा त्याच्या कितीतरी पट पांगलेला असतो. लांब पल्ल्याचा एसएसबी रेडिओ किंवा उपग्रहाचं उपकरण नसेल तर हजेरीचा निम्मा फायदा गेला. पंढरीच्या दिंडीसारखंच आहे: भजन सगळ्यांचं, चालणारे पाय आपापले. तिसऱ्या रात्री तुमच्या क्षितिजावर एकही दिवा नसण्याची तयारी ठेवा.

त्यामुळे एक माणूस पाण्यात पडला तर उरलेला एकटाच असतो. बोट थांबवणं, त्याच्यापर्यंत पोचणं आणि त्याला वर ओढणं हे तिन्ही त्याला एकट्याला जमलं पाहिजे. ऐंशी किलोचं ओलं शरीर हाताने वर येत नाही. मोठ्या शिडाच्या हॅलयार्डला, म्हणजे शीड वर चढवायच्या दोराला, सहापट ताकद देणारी कप्पी आधीच जोडून पिशवीत ठेवा, आणि दोघांतल्या हलक्या माणसाने जड माणसाला धक्क्यापाशी खरोखर उचलून बघा. बहुतेक वेळा तिथेच कळतं की कप्पी चुकीची घेतली. रात्री कॉकपिटच्या बाहेर पाऊल टाकायचं ते पट्टा अडकवून आणि दुसऱ्याला उठवूनच. पट्टा दोन मीटरचा असतो तसा एक मीटरचाही असतो. डेकवर छोटाच वापरा, नाहीतर पट्टा असूनही माणूस पाण्यात लोंबकळतो.

सामुदायिक मुक्काम छान असतात. टर्टल बे हे धुळीचं, कोरडं गाव, बाहेर पडल्यावर बीडच्या एखाद्या माळरानाची आठवण यावी असं. तिथे बेसबॉलचा खेळ आणि किनाऱ्यावरचं एकत्र जेवण. सांता मारियाला टेकाडावर वाद्यवृंद. तिथे रबरी बोट घेऊन किनाऱ्यावर उतरताना फुटणाऱ्या लाटा असतात, म्हणून पांगावाल्याला पैसे देऊन जा. मोबाइल भिजून गेला तर पासपोर्टचा फोटोही गेला. नकाशाबद्दल एकच ताकीद: मेक्सिकोच्या किनाऱ्याचे बरेच नकाशे जुन्या मोजणीवरचे आहेत, आणि नकाशा दाखवणाऱ्या प्लॉटरवरची जमीन काही ठिकाणी खऱ्या जमिनीपासून मैलभर सरकलेली असू शकते. अनोळखी खाडीत रात्री शिरू नका, बाहेर थांबा. सान किंतिनच्या दक्षिणेला सॅक्रामेंटो खडक आहे, १८७२ मध्ये त्याच नावाची आगबोट तिथे फुटली. त्याच्यापासून दहा मैल लांबूनच जायचं.

कागदपत्रांत रॅलीचं मार्गदर्शन उपयोगी पडतं, पण जुनी बोट घेतलेल्यांना एक अडचण ठाऊक नसते. बोटीला मेक्सिकोचा तात्पुरता आयात परवाना लागतो, तो बान्खेर्सितो ही बँक देते आणि दहा वर्षं चालतो. आधीच्या मालकाने त्याचा परवाना रद्द केला नसेल तर त्याच बोटीवर नवा निघत नाही. बोट घेतानाच तो रद्द झाल्याचा कागद मागा. हलचा, म्हणजे बोटीच्या सांगाड्याचा, आणि इंजिनचा क्रमांक स्वतः वाकून वाचा, अर्जावर तोच हवा. शिवाय मेक्सिकोत चालणारा दायित्व विमा, आणि बोटीवर मासेमारीचा एक गळ जरी असला तरी बोटीवरच्या प्रत्येकाचा मासेमारी परवाना. एन्सेनादात हे सगळे विभाग एका छपराखाली आहेत, म्हणूनही तिथला मुक्काम सोयीचा.

भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर पर्यटनासाठी १८० दिवसांपर्यंत मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. एच-१बी वाल्यांचा पासपोर्टमधला शिक्का संपलेला असेल तर ही सवलत नाही, आणि परत येण्याचाही प्रश्न आहे, वकिलाला विचारूनच. मुलांकडे आलेल्या आईवडिलांनी आणखी एक जपावं. खासगी बोटीने अमेरिका सोडली की तुम्ही बाहेर पडल्याची नोंद आपोआप होत नाही. मेक्सिकोचा प्रवेशाचा शिक्का, बोटीच्या खलाशी यादीची प्रत आणि काबोजवळच्या लॉस काबोस विमानतळावरून परतीचं तिकीट, हे तिन्ही नीट ठेवा. पुढच्या व्हिसाच्या वेळी विचारलं तर दाखवायला दुसरं काही नसतं.

बोट नसलेल्यांसाठी वाट खलाशी यादीची. लॅटिट्यूड ३८ ची यादी फुकट आहे. वेतनाविना जायचं, खाण्याचा वाटा देऊन. कप्तान पहिला प्रश्न रात्रीच्या अनुभवाचा विचारतो, आणि तो इकडे बसून मिळवणं अवघड आहे. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथे हौशी नौकानयनाची सोय धरू नका. देवगिरी एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी मुंबई गाठायची आणि कुलाब्याला शिकायचं, हाच जवळचा मार्ग. पावसाळ्याचे चार महिने तेही बंद. पाया तिथे तयार होतो, पुढचं कॅलिफोर्नियात: अमेरिकन सेलिंग असोसिएशनचे १०१, १०३ आणि १०४ हे अभ्यासक्रम, मग किनाऱ्यावरच्या दिशादर्शनाचा १०५. त्यानंतर सान डिएगो ते काटालिना बेट, सत्तरेक मैल, संध्याकाळी निघून. अशा दोनतीन रात्री झाल्याशिवाय यादीत नाव टाकू नका. आणि कप्तान तुम्हाला पारखतो तसं तुम्हीही त्याला पारखा: जीवरक्षक तराफ्याची तपासणी कधी झाली, ४०६ मेगाहर्ट्झचा आपत्कालीन बीकन नोंदवलेला आहे का, पाळ्या किती तासांच्या, बोटीवर एकूण किती माणसं. उत्तर देताना जो हसण्यावारी नेतो त्याच्याबरोबर जाऊ नये. जोडप्याला एकाच बोटीवर जागा मिळणं कठीण जातं, कारण बहुतेकांना एकच माणूस हवा असतो. दोन बोटींवर वेगवेगळं जायची तयारी ठेवली तर निवड खूप वाढते.

काबोला रॅली संपते आणि माहितीपत्रकात जे ठळक नसतं ते तिथे सुरू होतं: बोट परत कशी आणायची. तोच ७५० मैलांचा किनारा, आता वारा आणि लाट दोन्ही नाकावर. तिकडचे खलाशी त्याला बाहा बॅश म्हणतात. दोघांनी जुन्या बोटीवर ते करावं असं आम्हाला वाटत नाही. निदान पहिल्या वर्षी तरी नाही. पर्याय तीन. पगारी कप्तान ठरवून बोट परत पाठवायची. काबोहून दीडशे मैलांवरच्या ला पाझला हिवाळाभर बोट ठेवायची. किंवा कोर्तेझचा समुद्र ओलांडून पुढे मेक्सिकोच्या मुख्य भूमीवरच्या सान कार्लोसला जायचं आणि तिथून बोट ट्रकवर चढवून ॲरिझोनात आणायची. त्यासाठी डोलकाठी उतरवावी लागते आणि ट्रकची तारीख महिनोन्‌महिने आधी घ्यावी लागते. काबोच्या मरिनाचं भाडं भारी आहे आणि बाहेरच्या नांगरपट्ट्यात बोट रात्रभर डोलते, तेव्हा तिथे दोन दिवसांपेक्षा जास्त राहायचं नियोजन करू नका. ला पाझला जाताना नोव्हेंबरात उत्तरेचे वारे सुटतात. तो अंदाज रॅलीच्या हजेरीत मिळत नाही, कारण हजेरी काबोलाच बंद झालेली असते. ला पाझच्या मरिनातली जागा सान डिएगो सोडायच्या आधीच राखून ठेवा.